धनूमावशी आणि कोरियावालीकडचं जेवण

सुनीताचा फोन मी दोनदा कापला. दिंडोशी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभी होते, आमच्या मासळीवाल्या बायांच्या केसची तारीख होती, वकील नेहमीप्रमाणे "पाच मिनिटांत पोचतो" म्हणून तासभर आला नव्हता आणि मी दुसऱ्या फोनवर त्याला झापत होते. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मी चिडूनच उचलला, "काय गं, जरा थांब ना!" पलीकडून सुनीता म्हणाली, "मेघा, आई गेली." आई म्हणजे तिची सासू, मढची धनूमावशी, आमच्या लढ्यातली सगळ्यात पुढे बसणारी बाई. सकाळचा चहा प्यायली, पाटीला पाणी मारायला म्हणून वाकली आणि तिथेच कलंडली. रडायच्या आधी मी चक्क घड्याळाकडे बघितलं. मावशी तारखेला यायची होती ना... साडेअकराला येते म्हणाली होती.

त्याला आता सहा आठवडे झाले. मधल्या काळात एक शोकसभा झाली आणि तिथे मी इतकी संतापले की शेवटी हे लिहायला बसले. सभेत मागे मोठा बॅनर होता, त्यावर मावशीचा हात वर केलेला फोटो आणि खाली 'रणरागिणी'. तो फोटो मी काढलेला आहे. मावशी त्यात कावळा हाकलते आहे. पाटीतला बोंबील उचलायला टपलेला कावळा! पण भाषणं करणाऱ्या कोणालाच ते ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही. एकाने तिला 'वंचितांचा हुंकार' केलं, दुसऱ्याने 'मातृशक्ती'. हुंकार कसला? ती गप्पा मारायची, शिव्या द्यायची, हसताना शेजारणीच्या पाठीत धपाटा घालायची. माणूस मेला की त्याचं घोषवाक्य करून टाकायची ही जी आपली सवय आहे ना, तिची मला किळस आली. घरी येताना मात्र लक्षात आलं की तिला जिवंतपणीच घोषवाक्य करणारी पहिली मीच होते.

मावशी पवईला बसायची. मढहून तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या बोटीने, वर्सोवा, तिथे लिलावात माल घ्यायचा, मग चौघीजणींनी मिळून केलेल्या टेम्पोने पवई. ही जागा तिच्या सासूची. आजूबाजूला काचेच्या इमारती नंतर आल्या, मासळीची पाटी आधीची. मग एक दिवस मंडईची शेड 'तात्पुरती' पाडली. आपल्याकडे तात्पुरतं पाडलेलं काही परत उभं राहिलेलं कोणी पाहिलंय का? बाया फुटपाथवर आल्या. समोरच्या टॉवरवाल्यांना वास येऊ लागला. त्याआधी वीस वर्षं कसा येत नव्हता, देव जाणे. मी तेव्हा नुकतीच कॉलेज संपवून मासळीवाल्या बायांच्या संघटनेत आले होते आणि पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे होतं. ते माझ्या रक्तात आहे असं मी मानायचे. आजोबा मालवणातून येऊन गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले, त्यांनी संपात पत्रकं वाटली, मार खाल्ला. त्यांनी मला एकच नियम शिकवला होता : "छापलेला मागे घेता तो कामगार न्हय, मॅनेजर." हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं होतं.

मावशीला वाचता येत नव्हतं, पण गिऱ्हाईक वाचता यायचं. तिच्या गिऱ्हाइकांतली सगळ्यात लाडकी एक कोरियन बाई. पन्नाशीची, बुटकी, केस बारीक कापलेले. त्या काचेच्या इमारतींपैकी एकीच्या तळमजल्यावर तिचं छोटं हॉटेल होतं, जिथे टेबलाच्या मधोमध शेगडी असते आणि मांस आपल्या समोरच भाजतात, तसलं. ही बाई माल आणायला माणूस पाठवायची नाही. स्वतः यायची, उकिडवी बसायची, बांगड्याचे कल्ले उघडून बघायची, माकूल, म्हणजे स्क्विड, बोटाने दाबून बघायची. दोघींना एकमेकींची भाषा शून्य येत होती. तरी अर्धा अर्धा तास चालायचं. एक बोटं दाखवायची, दुसरी मान हलवायची, मग दोघी हसायच्या. मावशी तिला 'माझी कोरियावाली' म्हणायची. "ती बघ कशी कल्ला उघडते, साहेबिनींसारखी नाक नाय दाबत. तिच्या आयशीनं पन मासलीच विकली असनार, मी सांगते तुला." कोरियावालीच्या आईने काय विकलं हे मला अजून ठाऊक नाही. पण तिच्यासाठी मावशी सगळ्यात चांगले माकूल ओल्या फडक्याखाली बाजूला ठेवायची, आणि दुसऱ्या कोणी मागितले तर सरळ "नाय, संपले" म्हणायची.

आणि मग मी ते पत्रक लिहिलं. टॉवरच्या सोसायटीने बायांविरुद्ध तक्रार केली होती, माझं डोकं फिरलं होतं, एका बैठकीत लिहून काढलं. त्यातल्या ज्या ओळीवर आमच्या मीटिंगमध्ये टाळ्या पडल्या ती अशी : 'टेबलावर डुकराचं मांस भाजून अख्ख्या रस्त्यावर धूर सोडला तर ते डायनिंग, आणि आमच्या बायांनी चार तास पाटी मांडली तर ती घाण? तो धूर तुमच्या नाकाला कसा लागत नाही?' झकास जमलंय असं मला वाटलं. अजूनही, खोटं कशाला बोलू, वाक्य म्हणून ते वाईट नाही. टॉवरच्या गेटवर उभं राहून आम्ही ती पत्रकं वाटली. आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने ते पत्रक अगदी मन लावून वाचलं. त्याने मासळीवाल्यांविरुद्धची तक्रार मागे घेतली नाही. त्याने महापालिकेकडे धुराची दुसरी तक्रार केली, सोबत पुरावा म्हणून माझं पत्रक जोडलं! "बघा, गरीब लोकांनाही या धुराचा त्रास होतोय." हॉटेलच्या शेगड्या महिनाभर बंद राहिल्या. धुराडं बदला, पाइप वर न्या, मग चालू करा. कोरियावाली महिनाभर नुसतं नूडल्सचं सूप विकत होती. मंडईकडे तिने फिरकणं बंद केलं. शेगड्या पुन्हा पेटल्या तरी ती आली नाही.

"माझी कोरियावाली कुठं गेली गो?" मावशी रोज विचारायची. मी विषय बदलायचे. शेवटी त्या हॉटेलचा मॅनेजर, रेमा नावाचा मिझोरामचा पोरगेला माणूस, रस्त्याने जाताना मावशीने त्याला अडवलं आणि त्याने तिला हिंदीत सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी पोचले तर मावशीने माझ्यापुढे ते पत्रक धरलं. ती पत्रकं ती मासळी बांधायला वापरायची. त्यावर बोंबलाचा डाग होता. "वाच," म्हणाली. मी वाचलं. "ती धुराची ओल परत वाच." परत वाचली.

"हे तू लिवलंस?"

"अगं मावशी, मुद्दा तिच्याविरुद्ध नव्हता. मुद्दा सोसायटीच्या दुटप्पीपणाचा होता. तिचं फक्त उदाहरण..."

"उदाहरन? ती बाय माझ्या समोर बसून कल्ला बघते, तिचं तू उदाहरन केलंस? आनि माझं काय केलंयस? मी पन हाय ना त्या कागदात?"

मी म्हटलं, आहेस. होतीच. 'धनूबाईंसारख्या शेकडो कष्टकरी भगिनी' अशी. मावशीने पत्रकाची घडी घातली, कमरेला खोचली आणि म्हणाली की शुक्रवारी दुपारी आपण दोघी तिच्या हॉटेलात जेवायला जायचं. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाली, तिच्या सासूच्या घरात एक रीत होती. ज्याच्यावर तोंड टाकलं, त्याच्याच घरचं मीठ त्या तोंडात घालायचं, आणि चुकलं म्हणायचं. मग संपलं. "आनि चुकलं तू बोलायचं, मी नाय. तोंड तुझं होतं."

शुक्रवारी मावशी नटून आली. हिरवं लुगडं, आंबाड्यात अबोलीचा वळेसर, अंगावर होतं तेवढं सोनं. माझ्या अंगावर कुर्ता आणि खांद्याला झोळी. दारातल्या वॉचमनने आम्हाला मागच्या बाजूचा रस्ता दाखवला, "माल उधर से." मी पेटलेच. संविधानापासून सुरुवात केली. तोवर मावशीने त्याला बाजूला सारून दार ढकललंसुद्धा. "अरे बाबा, माल नाय आनला. आज खायाला आलोय." आत थंडगार, लाकडी टेबलं, प्रत्येकाच्या मधोमध जाळी आणि वर छताला धूर ओढणारा नळ. तो चकचकीत नवा नळ बघून मला कुठे बघू असं झालं. कोरियावाली गल्ल्यामागे होती. तिने मान लववली, पण जागची हलली नाही. मावशीने खुर्चीवर बसल्यावर पहिलं काम केलं ते रेमाला विचारायचं, "मोठ्याचं नाय ना रे?" बीफ टळलं; डुकराचं, कोंबडीचं आणि माकूल असं ठरलं.

आधी छोट्या छोट्या वाट्या आल्या, आठ-नऊ. मावशीला वाटलं चाखायला दिल्यात, पसंत पडेल ते मग येईल. ती एकेक चाखून "हे चालेल, हे नको" असं रेमाला सांगत सुटली. कोबीचं तिखट-आंबट लोणचं तिला आवडलं. एका वाटीत गुळमट तिखटात परतलेले बारके सुके मासे होते. ते तोंडात टाकले आणि ती थबकली. "मेघा... ही तर सुकी मांदेली. मांदेलीची चुलत बहीन असंल, पन घरातलीच." वाटी तिने स्वतःकडे ओढून घेतली आणि मला एकही दिला नाही.

मग रेमाने कच्च्या मांसाचं ताट आणून टेबलावर ठेवलं. पातळ पट्ट्या, कोंबडीचे तुकडे, बाजूला माकूल. आता, चाळीस वर्षं गिऱ्हाइकापुढे कच्चा माल धरणाऱ्या बाईपुढे कुणी कच्चा माल धरला तर ती काय समजणार? मावशी समजली की पसंतीला आणलाय. तिने बाह्या सावरल्या. डुकराची पट्टी उचलून उजेडात धरली, कोंबडी दाबली, वास घेतला, ठीक म्हणाली. माकूल हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. "हा बर्फातला हाय. आठ दिवसांचा. हा काढ." तिने दोन माकूल ताटातून उचलून रेमाच्या हातावर ठेवले, ताट त्याच्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "बाकीचं चालंल. जा, आता करून आन."

"आंटी, अंदर नहीं बनता. इधरही बनेगा. आपके सामने."

"इथं? ह्या टेबलावर? आनि करनार कोन?"

"आप लोग."

"अरे देवा! मग मी घरीच नसतं केलं?"

शेजारच्या टेबलावरचे ऑफिसवाले हसले, आणि गल्ल्यामागून कोरियावालीही हसली. पोट धरून. मग ती बाहेर आली, रेमाच्या हातातले ते दोन माकूल बघितले, आणि लाजली. तिला ठाऊकच होतं ते कसले आहेत. मावशीकडे येणं बंद केल्यावर ती बर्फातले घेत होती. ती आमच्या टेबलाशी बसली, चिमटा हातात घेतला आणि स्वतः भाजायला लागली. मांस कात्रीने कापायला लागली तेव्हा मावशीने तिचा हात धरला. कात्रीने? मासळीवाली कात्रीने कापते? मग तिनेच हवेत कोयता चालवून दाखवला, कोरियावालीने हवेत कात्री चालवून दाखवली, पुन्हा दोघींचं सुरू झालं. जाळीवर चरबी चुरचुरत होती. कोरियावालीने सॅलडच्या पानावर एक तुकडा ठेवला, वर लसूण, लाल चटणी, कोबी, पुरचुंडी केली आणि सरळ मावशीच्या तोंडासमोर धरली. रेमा म्हणाला त्यांच्याकडे असंच भरवतात, एका घासात खायचं, चावून अर्धा करायचा नाही. मावशीने आ केला. लग्नानंतर तिला कोणी घास भरवला असेल असं मला वाटत नाही. तिचे डोळे भरले, आणि तिने ते लसणीवर ढकललं.

मग तिने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. आता बोल.

मी बोलले. दहा मिनिटं बोलले. मी हिंदीत रेमाला सांगितलं की आमचा लढा तुमच्याविरुद्ध नाही, तुम्ही परक्या देशातल्या कष्टकरी बाई, आम्ही या शहरातल्या, आपण सगळे एकाच व्यवस्थेचे बळी आहोत, आपल्यात फूट पाडायचा डाव ओळखला पाहिजे. रेमाने ते सगळं तिला तिच्या भाषेत चार शब्दांत सांगितलं. कोरियावालीने मान हलवली आणि माझ्यापुढे भाजलेला तुकडा ठेवला. भरवला नाही, ठेवला. 'चुकलं' हा शब्द त्या दहा मिनिटांत कुठेच नव्हता. तो माझ्या जिभेवर आला होता हो... पण आजोबा, वहीचं पहिलं पान, छापलेलं मागे घेणारा मॅनेजर... मी तो गिळला.

बाहेर आल्यावर मावशी एवढंच म्हणाली, "पोटभर जेवलीस. बोलली नायस." मी म्हटलं, एवढं बोलले की! तिने रिक्षाला हात केला. वर्सोव्याला तरीत चढताना तिने मागे वळून बघितलंही नाही. पुढच्या आठवड्यात मात्र नेहमीसारखी होती. आणि त्याच आठवड्यात कोरियावाली परत आली. उकिडवी बसली, माकूल दाबून बघू लागली. मी पुढच्या मीटिंगमध्ये सांगितलं, "बघा साथींनो, संवादाने गैरसमज दूर होतात. मी स्वतः जाऊन भूमिका मांडली." टाळ्या पडल्या. मावशी तिथेच बसली होती. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

यानंतर दीड वर्ष त्या दोघींचं छान चाललं. मावशी गेली तेव्हा तिची जागा बायांनी बारा दिवस रिकामी ठेवली, नुसता पाट आणि त्यावर चार फुलं. कोरियावाली त्या काळात दोनदा येऊन गेली म्हणे, पाटाकडे बघून परत गेली. कोणीतरी तिला नीट सांगायला हवं होतं. शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉटेलात गेले. जेवणाची वेळ टळली होती, टेबलं पुसून झाली होती, जाळ्या धुऊन एकावर एक रचल्या होत्या. मी रेमाला सांगितलं, मावशीला त्रास झाला नाही, क्षणात गेली. त्याने तिला सांगितलं. मग माझ्याकडे नीट बघून तिने त्याला काहीतरी विचारलं.

रेमा संकोचला. "मॅडम पूछ रही है, वो कानवाली लड़की यही है क्या?"

"कौनसी कानवाली?"

तेव्हा त्याने सांगितलं. आम्ही जेवून गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मावशी एकटी आली होती. पाटी बाहेर ठेवून, समोरच्या दाराने. तिने कमरेचं ते बोंबलाचा डाग पडलेलं पत्रक काढून टेबलावर ठेवलं, 'ती पोरगी' असं दाखवायला खांद्यापाशी हवेत बोटाने झोळी रेखाटली, दोन्ही कान पकडले आणि उठाबशा काढल्या. "आंटी बोली, लड़की से होता नहीं है, छोटी है, मैं करती हूँ." गुडघे साथ देत नव्हते म्हणून टेबलाची कड धरून. एक हात कानाला, एक टेबलाला. तीन. मॅडमला अर्थ विचारावा लागला नाही. तिने मावशीला धरून खुर्चीवर बसवलं आणि पुढच्या आठवड्यात मंडईत आली.

मला काय वाटलं ते खरंच सांगते. आधी राग आला. माझ्या वतीने माफी मागायचा अधिकार तिला कोणी दिला? मला विचारलं का? दीड वर्ष मी मिरवत फिरले आणि तिने एकदाही, एकदाही तोंडावर फेकलं नाही... टाळ्या वाजत होत्या तेव्हासुद्धा नाही. मग राग कुठे ठेवायचा ते कळेना. तो टेबलाची कड धरलेला हात तेवढा दिसायला लागला.

मी झोळी खाली ठेवली. "रेमा, मॅडम को बोलो, मेरी गलती थी. धुएँवाली लाइन मैंने लिखी थी. गलत लिखी थी." त्याने तोंड उघडायच्या आत मी कान पकडले. एक. दोन. तीन. चौथीला खाली जाणार तर कोरियावालीने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. रेमा म्हणाला, "बस. आंटीने तीन किया था. आपका भी तीन."

पण माझा हिशेब एवढ्यावर मिटत नव्हता. पुढच्या रविवारी मी तरीने मढला गेले. मावशीची खोली आहे तशीच आहे. खिडकीत वाळत घातलेलं जाळं, भिंतीला टेकवलेला तिचा पाट, आणि जमिनीवर बसून सुनीता बोंबील साफ करत होती. मी आत गेले, पाटासमोर उभी राहिले आणि कान पकडले.

"काय गो, काय चाललंय?" सुनीताने विचारलं.

"माफी मागतेय."

"कोनाची?"

"तुझ्या सासूची."

सुनीताने बोंबलावरची नजर काढली नाही. "मग नीट खाली बस," म्हणाली. "अर्धवट केलेलं तिला आवडायचं नाय."